सात आकड्याची रुमिनी

आमच्या करंगसारीत एखादं काम कधीच होणार नसलं की लोक म्हणतात, "रुमिनीच्या दिवशी करू." पुलाचा कठडा, मशिदीच्या नळाची तोटी, लुराहसाहेबांनी, म्हणजे सरपंचांनी, निवडणुकीत कबूल केलेला रस्त्यावरचा दिवा, सगळं रुमिनीच्या दिवशी. रुमिनीच्या कानावर हे यायचं. ती हसायची. गोष्ट हसण्यावारी नेण्यात तिचा हात धरणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

मेणाच्या कामातही तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, आळशी बाईची गोष्ट सांगतोय. बु लास्मीच्या, म्हणजे लास्मीबाईंच्या, बाटिकच्या अंगणात ती चोवीस वर्षं एकाच बुटक्या पाटावर बसली. समोर बांबूच्या चौकटीवर कापड, उजव्या हाताला शेगडीवर मेणाची कढई, हातात चांटिंग. चांटिंग म्हणजे तांब्याची चोच असलेली लेखणी. ती मेणात बुडवायची, चोचीवर हलकी फुंकर घालायची आणि मेण थिजायच्या आत रेघ ओढायची. इतर बायकांचा ठिपका मिरीएवढा पडे, रुमिनीचा मोहरीएवढा. आणि कापड दोन्ही बाजूंनी रेखायचं असतं, पण तिचं उलटं केलं तरी ठिपक्यावर ठिपका, केसाचाही फरक नाही.

एवढं करून कापडाच्या काठाला नाव पडायचं ते बु लास्मीचं. त्यात बु लास्मीने काही चोरी केली असं नाही, आमच्याकडे रीतच आहे. शेगडी ज्याची, नाव त्याचं. रंगारी, रेखणारी, उकळून मेण काढणारी, कुणाचंच नाव कुठे नसतं.

रुमिनीला एकच हवं होतं. स्वतःच्या ओसरीवर स्वतःची शेगडी, आणि तिच्यावर केलेलं एक तरी कापड, ज्याच्या काठाला लिहिलेलं असेल: रुमिनी. नक्षीही ठरलेली होती. खाजणातले खेकडे, मिठागरावरच्या पवनचक्क्या, आणि मधल्या जागेत ठिपकेच ठिपके, मिठाच्या खड्यांचे. सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर ती कधीच काढून झाली होती. उत्तम प्रतीचं पांढरं कापड घेऊन पेटीत ठेवलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. कापड घडीवर पिवळं पडलं. घडी बदलून ठेवायची, पुन्हा नव्या घडीवर पिवळं पडायचं.

मग अडलं कुठे? विचारा तिला. आधी ओसरीचं छप्पर गळत होतं. छप्पर झालं तर मुलगी नुर्यतीची शाळा. शाळा सुटली तर तिचं लग्न. लग्न झालं तर नवऱ्याचा खोकला. नवरा कार्सोनो सुतारकाम करायचा, आणि संध्याकाळी कॉफीच्या टपरीवर बसून, आमच्या बाप्यांची रीतच आहे, कपातला कॉफीचा गाळ काडीने घेऊन सिगारेटवर नक्षी काढायचा. मन लावून काढायचा. मग ती ओढायचा. तार्मी म्हणून रुमिनीच्या शेजारच्या पाटावर बसणारी एक फटकळ बाई होती. ती रुमिनीला म्बाक, म्हणजे ताई, म्हणायची. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "म्बाक रुमिनी, तुमचे मालक रोज एक नक्षी पुरी करून जाळूनसुद्धा टाकतात. तुमची कधी दिसायची?"

"चांगला दिवस आला की," रुमिनी म्हणाली.

हा चांगला दिवस म्हणजे सगळ्या सबबींचा राजा. बाकीच्या सबबींना वय असतं, त्या म्हाताऱ्या होऊन मरतात. ही मरत नव्हती. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवार असतात: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. वाराला एक आकडा, बाजारवाराला एक आकडा. माणूस जन्मला त्या दिवसाचे दोन्ही आकडे मिळवले की त्याचा आकडा होतो, आणि घर बांधायचं, विहीर खणायची, शेगडी पेटवायची, सगळं त्या आकड्यावर जुळवून. रुमिनी मंगळवार वागेची. मंगळवारचे तीन, वागेचे चार. सात. याहून खाली आकडाच नाही. सातवाल्याला दिवस मिळणं मुश्किल, हे शेंबडं पोरही सांगेल.

दिवस मोजून द्यायची बु लास्मी. तिच्याकडे तिच्या बापाची हाताने लिहिलेली जुनी पोथी होती. दरवर्षी ईद झाली की रुमिनी तांदळाच्या गोड धिरड्यांची ताटली रुमालाने झाकून तिच्या दारात उभी राहायची.

"बु, औंदा बघता का?"

बु लास्मी चष्मा लावायची, पोथी उघडायची, अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. मग मान हलवायची. "सात गं तू, रुमी. औंदा नाही बसत. ओढूनताणून बसवला तर घरात आजारपण येईल. सुरोचा अशुभ महिना जाऊ दे, पुढच्या साली बघू."

"बघू मग," असं म्हणून रुमिनी परतायची. चेहरा पडलेला. पण पाय मात्र, जाताना होते त्यापेक्षा हलके. हे कुणी तिला दाखवून दिलं असतं तर तिने भांडण काढलं असतं. मी पाहिलंय म्हणून सांगतो.

अशी एकवीस वर्षं गेली. शेचाळीसाव्या वर्षी रुमिनीला मोहरीएवढा ठिपका धुरकट दिसायला लागला. आधी तिला वाटलं, मेणाचा धूर आहे. मग तिने चौकट दाराकडे ओढली. मग चष्मा घेतला. चष्म्याने रेघ दिसायची, पण ठिपका टाकताना चोच आणि कापड यांच्यामधलं अंतर चुकायचं. बु लास्मीच्या ते लक्षात आलं आणि तिने बारीक काम गुपचूप दुसरीकडे वळवलं. रुमिनीच्याही ते लक्षात आलं. त्या महिन्यात रुमिनीने पेटीतलं कापड तीनदा काढून पाहिलं. हात चालतोय तोवर एक कापड झालं तर झालं, नाहीतर नाही, हे आता तिला लख्ख कळत होतं. तरी ती ईदची वाट पाहत राहिली.

त्याच साली नुर्यतीला मुलगा झाला. आमच्याकडे पस्तीस दिवसांनी बाळाचा वार आणि बाजारवार पुन्हा एकत्र येतात, त्या दिवशी जेवण घालतात. रुमिनीच्या घरी भाताची शिखरं रचली, खोबरं घातलेल्या भाज्या झाल्या, शेजारीपाजारी जमले. म्बाह सारिनेमला जवळजवळ उचलूनच आणून चटईवर बसवलं. म्बाह म्हणजे आजी. नव्वदीला आलेली ही म्हातारी गावची सुईण. आमच्यातल्या निम्म्या लोकांची नाळ हिने कापलेली.

तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आज कुठला दिवस गं?"

"शुक्रवार लेगी, म्बाह," जावई म्हणाला. त्याने जन्माचा दाखला पुढे केला. "हे बघा, कचेरीतही शुक्रवारच लिहिलाय."

"कचेरीने जन्म दिला का याला?" म्हातारी खवळली. "पोर झालं केव्हा?"

"मगरिबची बांग झाल्यावर," नुर्यती आतून म्हणाली.

"मग! दिवस मावळला की दुसरा दिवस लागतो, एवढंही आता शिकवायचं का? हा शनिवार पाहिंगचा. नऊ नि नऊ अठरा! याहून मोठा आकडा नाही, आणि तुम्ही त्याला शुक्रवारात कोंबताय. जेवण एक दिवस आधी घातलंत, गाढवांनो. उद्या पुन्हा घाला."

लोक हसले. जावई खजील झाला. म्हातारीचा राग उतरला, तशी ती वाढणाऱ्या रुमिनीकडे वळली. "घड्याळं आल्यापासून सगळ्यांचं हे असंच चाललंय. तुझं नाही का तसंच झालं, पोरी? तुझ्या वेळी मशिदीतला नगारा वाजून गेला होता, दिवा मीच लावला. बाप समुद्रावर. तो सकाळी आला, कचेरीत जाऊन तारीख सांगून मोकळा झाला. आई तुझी तिसऱ्या वर्षी गेली, मग कोण सांगणार? नाहीतर तू बुधवार क्लिवोनची. पंधरा."

रुमिनीच्या हातातला वाढायचा डाव भातातच राहिला.

"मी मंगळवार वागेची आहे, म्बाह. सात."

"सात कशी असशील? मी काय म्हातारचळ लागल्यागत बोलते? तू कामाला लागलीस तेव्हा लास्मी स्वतः आली होती माझ्याकडे विचारायला. प्रत्येक नव्या बाईची वेळ विचारून जायची ती, तिच्या बापाची शिस्त. या ओठांनी मी तिला सांगितलंय, नगारा वाजल्यावर, पंधरा. तिने तुला नाही सांगितलं?"

रुमिनीने भात वाढला. सगळ्यांना वाढला, पाणी दिलं, म्हातारीला घरी न्यायला भाताची पुडी बांधून दिली. रात्रभर ती कुशीवर पडून होती असं कार्सोनो नंतर सांगायचा. सकाळ झाल्यावर तोंडही न धुता ती बु लास्मीकडे गेली.

बु लास्मी रंगाच्या हौदाशी होती. बायका अजून यायच्या होत्या.

"बु, माझा आकडा किती?"

"सात. का गं?"

"म्बाह सारिनेम पंधरा म्हणते."

बु लास्मीने हात पुसले. लाल झालेल्या फडक्याला पुन्हा पुन्हा पुसले. "म्हातारीचं अजून लक्षात आहे म्हणायचं," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"चोवीस वर्षं?"

"पहिली तीन तू विचारलंच नाहीस. एकवीस."

इतक्या सरळ उत्तराची तयारी करून रुमिनी आली नव्हती. तिला वाटलं होतं, बु नाही म्हणेल, रडेल, पोथी दाखवेल. ती म्हणाली, "मी तुम्हाला आईच्या जागी मानलं, बु. माझी लेक तुमच्या पाळण्यात झोपली. तुम्ही नाही म्हणालात की मी नशिबाला बोल लावायची, तुम्हाला कधी नाही. आणि तुम्ही केसाने गळा कापलात माझा?"

"तुझ्यासारखा हात सुखासुखी सोडला असता का मी?" बु लास्मी म्हणाली. "केलं मी पाप. मान्य. वर जाब द्यायचा तेव्हा देईन. पण रुमी, मला एक सांग. म्बाह सारिनेमचं घर तुझ्यापासून कितवं?"

रुमिनीने फाटकाबाहेर, आपल्या घराच्या दिशेने पाहिलं.

"चौथं. एकवीस वर्षांत चार घरं ओलांडता आली नाहीत तुला? बाजारात तिघंजण दिवस मोजून देतात, आणि पैसे टाकले तर हवा तो देतात. तू माझ्याचकडे यायचीस. तू गेलीस तर जिचं नुकसान, तिच्याचकडे ताटली घेऊन! का गं?"

"माझा विश्वास होता तुमच्यावर."

"होता ना. मी नाही म्हणेन यावर पुरता विश्वास होता." बु लास्मी जवळ आली. "माझ्या धाकटीचं लग्न झालं ते वर्ष आठव. तू तीन रात्री माझ्याकडे राबलीस. मला माझीच लाज वाटली. तू धिरडी घेऊन आलीस तेव्हा मी पोथी न उघडता म्हटलं, गुरुवार पोन चांगला आहे, जा, लाव शेगडी. आठवतंय?"

रुमिनीला आठवलं. विसरली नव्हतीच ती. फक्त पेटीच्या तळाला घालून ठेवलं होतं. त्या दिवशी ती बुच्या फाटकापर्यंत गेली होती, तिथून परत फिरली होती. घरीसुद्धा पोचली नव्हती. आणि म्हणाली होती, 'बु, यांना कणकण आहे, गुरुवारी नाही जमायचं. दुसरा बघता का?' कार्सोनो तेव्हा धडधाकट टपरीवर बसून सिगारेट रंगवत होता.

"मी तेव्हा काय म्हटलं?" बु लास्मीने विचारलं.

"दुसरा नाही म्हणालात."

"आणि तू कशी हसलीस ते मी पाहिलं. त्यानंतर मला कधी लाज वाटली नाही."

मनसोक्त संतापायला आलेली बाई, तिचा संतापच कुणी अर्धा काढून घ्यावा, तसं तिला झालं. उरलेला अर्धा कुणावर काढायचा ते तिला दिसत होतं, आणि ते माणूस तिच्याच पायांवर उभं होतं. बाहेरच्या माणसाने फसवलं तर निदान त्याचं घर सोडून जाता येतं.

"तरी तुम्ही सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," बु लास्मी म्हणाली. "हवं होतं."

रुमिनीने खुंटीवरची आपली चांटिंग काढली, पदरात गुंडाळली आणि ती फाटकाबाहेर पडली. या वेळी परत फिरली नाही.

घरी येऊन तिने कार्सोनोला सगळं सांगितलं. आधी तो बु लास्मीच्या सात पिढ्या उद्धरत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा खुलला. आमच्याकडे नवरा बायकोला बुने म्हणतो, बायको त्याला पाक्ने. "पण बुने, हे तर बरंच झालं की! पंधरा म्हणजे केवढा आकडा. भिंतीवरचं कॅलेंडर आण. हे बघ, बुधवार क्लिवोन अठरा दिवसांवर. तुझा स्वतःचा दिवस. त्या दिवशी लाव शेगडी. तोवर मी चौकट करून देतो, शिसवीची."

"अठरा दिवस," रुमिनी म्हणाली. तिलाही ते पटलं. चांगलं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, पाय हलके झाले, आणि तिथेच ती दचकली. हा हलकेपणा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दर ईदला बु लास्मीच्या दारातून हाच तिच्याबरोबर घरी यायचा.

"चौकट राहू दे, पाक्ने. जुना बांबू दे."

"अगं, आज? आज शनिवार पाहिंग. तुझी आई गेली तो दिवस! आईबाप गेले त्या दिवशी कुणी काही सुरू करतं का? वेड लागलंय का तुला?"

"माझी वेळ आईलाच ठाऊक होती," रुमिनी म्हणाली. "तिच्याच दिवशी होऊ दे."

तिने स्वयंपाकघरातली शेगडी उचलून ओसरीवर आणली. मेण वितळवलं. पेटीतलं कापड काढून बांबूवर टाकलं, पिवळ्या घडीसकट. लोक थांबून बघत होते. तार्मी कामावर निघाली होती, तीसुद्धा थांबली. रुमिनीने चांटिंग मेणात बुडवली. पहिल्याच रेघेला चांटिंगमधून मेण गळलं आणि काठावर शेंगदाण्याएवढा डाग पडला. मेणाचा डाग पुसता येत नाही. बु लास्मीच्या अंगणात असता तर कापड बाजूला ठेवलं असतं, दिवसाला दोष दिला असता. तिने थोडा वेळ डागाकडे पाहिलं आणि पुढची रेघ ओढली.

कापडाला पाच महिने लागले. मधे दोनदा पाऊस ओसरीवर आला, एकदा कार्सोनो खरोखरच आजारी पडला. छप्परही गळलं. जुन्या सगळ्या सबबी एकेक करून दारात येऊन गेल्या. तिने कुणालाच बसायला चटई टाकली नाही. लाल रंग चढवून, मेण उकळून कापड दोरीवर पसरलं तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. खेकडे चालत होते, पवनचक्क्या फिरत होत्या. काठाला त्या डागाच्या शेजारीच नाव होतं: रुमिनी.

सगळे वाहवा करून गेल्यावर ती कापडाजवळ एकटी उभी राहिली. मिठाचे खडे मिरीएवढे आले होते. उलट्या बाजूला काही ठिकाणी ठिपका ठिपक्यावर बसलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी याच हाताने हे मोहरीएवढे पडले असते. ते कापड आता कुणीच कधी पाहणार नव्हतं. ती रडली, आणि कार्सोनोला धूर लागला म्हणून सांगितलं.

ईद झाली. चौथ्या दिवशी तिच्या दारात बु लास्मी उभी होती. हातात रुमालाने झाकलेली ताटली. गोड धिरडी.

"बघू दे," ती म्हणाली. रुमिनीने कापड पुढे केलं. बु लास्मीने काठ बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला. डागावर तिचं बोट थांबलं, मग मिठाच्या खड्यांवर. तिच्याइतकी जाणकार नजर आमच्या भागात नाही. तिला काय दिसलं ते रुमिनीला कळलं, आणि रुमिनीला ते कळलं हे तिला कळलं.

"मला दे हे, रुमी," बु लास्मी हळूच म्हणाली. "विकायला नाही. माझ्या घरात राहू दे. काठावर तुझंच नाव राहील."

रुमिनीने कापडाची घडी घातली. मग अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. सावकाश, बु लास्मी मोजायची तसं.

"नाही बसत, बु," ती म्हणाली. "औंदा तुमचा दिवस नाही. पुढच्या साली बघू."